निम्मं वजा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मी आणि गप्प राहिलो? आमच्या बुवापाड्याच्या वस्तीत कुणाला पटायचं नाही. माझ्या खोकल्याने समोरच्या चाळीचे पत्रे उडतात, रिक्षावाले हॉर्न समजून बाजूला होतात — असलं माझं बोलणं. म्हणून आमच्याकडे रीतच पडली आहे: हा काही बोलला की निम्मं वजा करायचं. ही रीत काढली शांतारामने. एकाच कारखान्यात, रंगाच्या पावडरीत आम्ही तीस वर्षं काढली. छातीचं दुखणंही दोघांना सारखंच मिळालं.

मुंबईतल्या डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला — तोंडातून दुर्बीण घालायची, श्वासनळ्यांच्या आत अतिथंड वायूचा फवारा मारायचा. खराब झालेलं अस्तर जातं, नवं येतं. उपचार नवा आहे, हमी नाही. पण दोघांनाही करता येईल, म्हणाल्या. शांताराम मला म्हणाला, "आधी तू जा. तू सांगशील तसं मी करीन."

मी गेलो. हिरवा झगा चढवला. मग ती काळी नळी दिसली — आणि मी कपडे बदलून मागच्या जिन्याने पळालो.

घरी आल्यावर? एरवी मी त्या नळीचा अजगर केला असता. त्या दिवशी हळू आवाजात एवढंच म्हणालो, "केलं रे. काही फरक नाही." तिखटमीठ नाही, हातवारे नाहीत. म्हणूनच त्याने काही वजा केलं नाही. तो गेलाच नाही.

दोन वर्षांनी श्वास पुरेना, तेव्हा मी गुपचूप दोन-तीन खेपा घालून तो उपचार करून घेतला. शेवटच्या खेपेला बाईंनी आतलं चित्रण पडद्यावर दाखवलं. मी — मी! — मुका झालो. आमच्या इथल्या जुन्या शिवमंदिराच्या खोल गाभाऱ्यात पायऱ्या उतरत जावं, तसं खाली, आत. एका वाटेच्या दोन, दोनाच्या चार. ओल्या, गुलाबी, आणि प्रत्येक श्वासासरशी सगळं फुलतंय, मिटतंय. साठ वर्षं हे माझ्या आत चाललं होतं, आणि मी बाहेर बडबडत होतो?

आता मी शांतारामचे दोन मजले न थांबता चढतो. त्याला मशीनच्या ऑक्सिजनशिवाय मोरीपर्यंत जाववत नाही. त्याचे कागद मी बाईंना नेऊन दाखवले. त्याची छाती आता हे सोसणार नाही, म्हणाल्या.

परवा त्याच्या खाटेपाशी बसून त्या गुलाबी वाटा सांगितल्या — पाहिल्या तशा, एक शब्द न वाढवता. कधी पाहिल्या, तेवढं सोडून.

नाकातली नळी सावरत तो हसला. "निम्मं वजा," म्हणाला.

मीही हसलो. छाती भरून.