बसव्वाचा अंगठा

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत बसव्वा एकोणीस वर्षं वाळूचे कोर, म्हणजे ओतीव भागात पोकळी राहावी म्हणून बसवायचे ठोकळे, करायची. साच्यात वाळू दाबायची, सुटलेला कोर बोटांनी घासून गुळगुळीत करायचा. हातमोज्यातून कड समजत नाही, म्हणून हात उघडेच. इतक्या वर्षांत तिच्या कामाकडं कुणी पाहिलं ते चूक काढायलाच. त्यामुळं हजेरीचं सॉफ्टवेअर करायला आलेली रक्षिता उपड्या घमेल्यावर बसून "अक्का, तुमचा दिवस कसा जातो, सांगा की," म्हणाली, तेव्हा बसव्वाला थट्टाच वाटली.

पण पोरगी दोन दिवस हलली नाही. विचारत गेली, लिहीत गेली. शेवटी बसव्वानं तळहात पुढं केले.

"बघ पोरी, वाळूनं रेघा खाल्ल्यात. रेशनचं मशीनबी अंगठा घेत न्हाय. आमच्यातल्या धा जणींचं असंच हाय."

रक्षितानं हातांचे फोटो काढले. "मग अंगठा नको, कार्ड देऊ. तसंच लिहिते."

त्या संध्याकाळी बसव्वा सुनेला म्हणाली, "अगं, आमाला इचारून मशीन करत्यात!"

दिवाळीनंतर गेटवर मशीन बसलं. अंगठ्याचंच. बसव्वानं पदराला पुसून तीनदा अंगठा ठेवला. तिन्ही वेळा लाल दिवा. रक्षिता शेजारीच उभी होती, मान खाली घालून.

"पोरी, तुला हात दावलं हुतं की."

"रिपोर्टात लिहिलं होतं, अक्का. फोटोसकट. साहेब म्हणाले, मशिनं आधीच घेतलीत, ते पान काढून टाक."

"मग इचारायला कशाला आलतीस?"



महिनाभर सुपरवायझरनं हातानं हजेरी लिहिली. मग वरून तेही बंद झालं. बसव्वा रोज येत होती, कोर करत होती आणि गैरहजर लागत होती. एक दिवस ठेकेदार जोतीराम कागद घेऊन आला.

"बसव्वा, तुझं नाव कमी झालंय. खाडं लई दिसत्यात."

"आरं, तुझ्यासमोर उभी हाय न्हवं मी?"

"व्हय. पर सिस्टीममधी न्हाईस."

तिनं केलेले कोर मांडणीवर तसेच सुकत होते. ते घालून दुपारी ओतकाम होणार होतं. तिनं डबा उचलला आणि निघाली.

दोन दिवसांनी रक्षिताचा फोन आला. "अक्का, ते पान माझ्याकडं आहे. तक्रार करा, मी देते."

"आता देतीस व्हय?" बसव्वा म्हणाली आणि फोन सुनेच्या हातात देऊन आत गेली.