खाली मीच उभा होतो

मागच्या महिन्यात एका रविवारी, मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी, मी माझ्या बायकोला पडू दिलं. हो, बरोबर वाचलंत... ती पडली असं नाही, मी पडू दिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... आमचा एक ग्रुप आहे. रविवारी सकाळी मुलुंड कॉलनीच्या मागे जायचं आणि तिथल्या मोठमोठ्या दगडांवर दोरबीर न लावता चढायचं, एवढाच उद्योग. खाली एक जाड गादी टाकतो, साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधून रेक्झिनमध्ये शिवून घेतलेली. आणि गादीपाशी एक माणूस हात वर करून उभा राहतो.

या खालच्या माणसावर सगळा खेळ. त्याने पडणाऱ्याला झेलायचं नसतं, फक्त ढकलून गादीवर घ्यायचं, डोकं आपटू द्यायचं नाही. चढणारा दगडाला हात लावतो आणि मागे न बघता विचारतो, "आहेस?" खालचा म्हणतो, "आहे." हे झाल्याशिवाय आमच्यात कोणी पाय उचलत नाही.

आणि नव्या लोकांना हे शिकवायचा मक्ता माझा! "नजर कमरेवर ठेवा, हातांवर नाही." काय तो आव... तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझे ते व्हिडिओ लाइक केलेत. काढून घ्या ते लाइक, प्लीज.

मेघा, माझी बायको, कधी यायची नाही. "रविवारची झोप सोडून दगडाला कसल्या मिठ्या मारता रे?" मीच हात धुऊन मागे लागलो, तेव्हा त्या दिवशी आली एकदाची. बाकीची मंडळी पलीकडच्या दगडावर होती. आम्ही दोघंच 'टकल्या'पाशी... वरून अगदी गुळगुळीत म्हणून त्याचं नाव टकल्या.

तिने दगडावर तळवा ठेवला. "आहेस ना रे?" मी म्हटलं, "आहे गं, चढ बिनधास्त!" आणि काय झकास चढली! मला वाटलंच नव्हतं. वरच्या काठाला हात लागणार तेवढ्यात तिचा पाय सटकला.

आणि मी मागे सरलो.

विचारबिचार काही नाही. अंगावर काही येतंय म्हटल्यावर माणूस बाजूला होतो, तसा झालो. नजर कमरेवर होती, हात वर होते, सगळं शिकवल्याप्रमाणे... फक्त जिथे असायला हवं होतं तिथे मी नव्हतो. ती अर्धी गादीवर आणि अर्धी मातीत पडली, मनगट अंगाखाली.

यापुढचं लिहायला जास्त जड जातंय. धावलो, तिला उठवलं, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "गादी सरकली गं."

गादी होती तिथेच होती. मेघाने एकदा गादीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाली, "रिक्षा बघ."

एक्स-रे काढला. हाड शाबूत, पण मनगट चांगलंच मुरगळलेलं. संध्याकाळी भांडुपहून सासूबाईंचा फोन आला, मेघाने स्पीकरवर ठेवला. सासूबाई घरच्यांशी अजून मालवणीतच बोलतात. "आणि जावई खंय होते तेवा?"

मी आत डाळीला फोडणी देत होतो. माझा हात तिथेच थांबला, मोहरी जळाली. मेघा म्हणाली, "खालीच होते ना गं." बस, एवढंच. तिने शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं यार.

त्यात ग्रुपवर मेसेज... "दादा खाली होता म्हणून वहिनी थोडक्यात वाचली." आणि मी त्यावर हात जोडलेला इमोजी टाकला. हो, टाकला. लाज वाटत होती, तरी टाकला.

एका हाताने तिला केस बांधता येईनात, म्हणून रोज सकाळी मी बांधायचो. माझी पोनी म्हणजे निव्वळ झाडू. तिची पाठ माझ्याकडे असायची म्हणून असेल कदाचित, एका सकाळी निघालं तोंडातून... "मेघा, गादी नव्हती सरकली."

"माहितीये."

"मी सरकलो."

"तेही माहितीये."

"मग बोलली का नाहीस?"

"पडायचंही मीच आणि बोलायचंही मीच का रे? ...रबर घट्ट बांध, काल स्टेशनपर्यंत पण टिकला नाही."

ग्रुपवर मात्र खरं सांगायची हिंमत होईना. तो इमोजी तसाच आहे अजून... म्हणून आज इथे, सगळ्यांसमोर लिहितोय.

तिची पट्टी सुटली. मी काही पुन्हा दगडाकडे फिरकणार नव्हतो, पण काल रविवारी सकाळी तीच दारात उभी, "गादी उचल, चल." वाटेत मी कितीतरी वेळा म्हटलं, तुझा हात अजून दुखतोय, राहू दे. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

टकल्याला हात लावून मी उभा राहिलो. "आहेस?" विचारायला तोंड कुठे होतं मला? शेवटी मागून तीच म्हणाली, "आहे."

वर पोचलो नाही. अर्ध्यातूनच सटकलो. माझं एवढं मोठं धूड अंगावर येताना बघूनसुद्धा ती जागची हलली नाही. दोन्ही हातांनी, त्या दुखऱ्या हातानेही, मला गादीवर ढकललं आणि स्वतः माझ्याच बाजूला आदळली. "आई गं," म्हणाली, आणि मग हसायलाच लागली.

मला हसता आलं नाही. गादी सरकली नव्हती हे मी तिला सांगितलं, पण सॉरी काही अजून म्हणालेलो नाही. ते आज तुम्हा सगळ्यांच्या देखत म्हणतो... सॉरी, मेघा.