लेकीच्या मांडवाची मेढ

तापलेल्या ताडपत्रीचा वास आला की कतारमधल्या दुखानचा तो तंबू आठवतो. वर्ल्ड कपची तयारी चालू होती आणि भाड्याने तंबू देणारी आमची कंपनी तिथल्या जुन्या तेलविहिरींच्या फोटोंचं प्रदर्शन उभारत होती. दोर आवळता आवळता परभणीकडचा एक कामगार मला म्हणाला, "साहेब, गावभर मांडव घातले. आता लेकीची मेढ तरी माझ्या हातानं रोवू द्या." देश सोडायला मालकाची परवानगी लागायची, आणि त्याने ती सकाळीच माझ्यासमोर नाकारली होती. माझीही सुट्टी त्याच्याच हातात, म्हणून मी गप्प बसलो होतो. आता खरं सांगायचं सोडून मी म्हणालो, "इन्शाल्ला." आमच्या ऑफिसात त्याचा अर्थ 'नाही' असा व्हायचा. तो मात्र सोबत्यांकडे वळून म्हणाला, "साहेब हो म्हणले, ब्याग भरतो." मग फोटोतल्या जुन्या कामगारांकडे बघत हसला, "ह्यांना सोडलं व्हतं का वो लग्नाला?" मी तिरका नसलेला फोटो सरळ करत राहिलो. त्याच्या लेकीची मेढ चुलत्याने रोवली. काल माझ्या मुलीच्या मांडवात गुरुजी म्हणाले, "मेढ वडिलांनी धरा." मी ती धरून नुसताच उभा राहिलो. बायकोने विचारलं, "काय झालं?" तेव्हा तिला पहिल्यांदाच हे सांगितलं.