फीफी बायडूची अराबा

घानातल्या आमच्या ताकोराडीत फीफी बायडूला फीफी म्हणून फार थोडे लोक ओळखत. बाकी सगळ्या गावाला तो अराबा. एबो क्वान्साच्या हायलाइफ बँडचा खेळ आधी नाचगाण्याचा आणि मग नाटकाचा असे. त्या नाटकातली छळ सोसणारी बायको अराबा म्हणजे आमचा फीफी. दाढी दोनदा घोटायचा, पावडर थापायचा, मी शिवलेला झगा चढवायचा आणि पातळ आवाजात असा गायचा की भांडखोर मासेवाल्याही डोळे पुसत बसायच्या. नवऱ्याचं काम एबोचं. आमच्याकडे प्रेक्षक नुसते बसून राहत नाहीत. अराबा उपाशी आहे म्हटलं की बाया खरोखर मक्याच्या आंबवलेल्या पिठाचं केंके आणि तळलेला मासा घेऊन स्टेजवर चढतात आणि तिला खायला देतात. मग एबो दरडावायचा, "तू कोण गं हिची?" बाया उलट तोंड वाजवायच्या आणि थिएटर हसून लोळायचं.

फीफीचा संसार काही झाला नाही. "मीच बायको, मला कोण बायको देणार?" म्हणायचा. अराबा हेच त्याचं सगळं होतं. मध्यंतरी रेकॉर्ड काढायची म्हणून एबोनं त्याच्याकडून सगळी गाणी टेपवर गाऊन घेतली. रेकॉर्ड काही निघाली नाही. विचारलं की, "अक्राच्या स्टुडिओत काम अडलंय," एवढंच उत्तर.

एके दिवशी एबो अराबाचा निळा झगा घेऊन माझ्या शिवणकामाच्या दुकानात आला.

"एफुआ, हा कंबरेत आवळ. छातीत सैल कर."

"कंबरेत वाळला आणि छातीत भरला? फीफीला झालंय तरी काय?"

तो हसला नाही. "तू शिव गं. चौकशा नकोत."

मी झगा त्याच्या अंगावर फेकला आणि तडक फीफीचं घर गाठलं. "अरे, एबो खरीखुरी बाई आणतोय तुझ्या जागी!"

"एफुआताई, डोकं फिरलंय तुझं. एका ताटात जेवतो आम्ही दोघं," तो म्हणाला आणि खुशाल हिरव्या झग्याला इस्त्री करत बसला. असा राग आला मला! भोळेपणालाही काही मर्यादा असते.

खेळाच्या दिवशी बँडची गाडी भोंगा लावून गावभर फिरते आणि टपावर अराबा नाचते. फीफी नेहमीसारखा नटूनथटून मार्केट सर्कलच्या कोपऱ्यावर, माझ्या दुकानासमोर गाडीची वाट बघत उभा राहिला. गाडी आली. टपावर एक कोवळी पोरगी होती, अंगात तोच निळा झगा, दुसऱ्या कुणाकडून आवळून घेतलेला. भोंग्यातून एबो ओरडत होता, "आज बघा खरी अराबा, आमची मान्सा! दाढीवाली नाही, खरी!" गाडी थांबलीच नाही. उन्हानं फीफीची पावडर ओघळायला लागली. "अराबा, नवऱ्यानं सवत आणली गं!" बाजारातल्या टवाळांनी हाळी दिली. आधी तोही त्यांच्याबरोबर हसला. मग मीच त्याला हाताला धरून दुकानात आणलं.

"मला बघायचंय," एवढंच म्हणाला. संध्याकाळी शर्ट-पँट घालून प्रेक्षकांत माझ्याशेजारी बसला. मान्सा स्टेजवर आली, गाऊ लागली आणि फीफीनं माझा हात घट्ट धरला. आवाज त्याचा होता. भोंग्यातून टेप वाजत होती, पोरगी नुसते ओठ हलवत होती. रेकॉर्डची म्हणून गायलेली तीच गाणी! एबोच्या तोंडावर जाऊन थुंकावंसं वाटलं मला. पण सगळं थिएटर हुंदके देत होतं. पलीकडच्या म्हातारीनं डोळे पुसत केंक्याचा गोळा फीफीच्या हातात कोंबला. "बाळा, माझे गुडघे धरलेत रे. तेवढं त्या बिचारीला देऊन ये."

मी त्याची बाही ओढली, तरी तो उठला. स्टेजवर चढला आणि मान्साच्या हातात केंके ठेवलं. त्याला ओळखून पोरगी ओठ हलवायची विसरली. गाणं आपलं चालूच राहिलं. एबोनंही त्याला पाहिलं आणि जरा अडखळला. मग कंबरेवर हात ठेवून नेहमीच्याच सुरात खेकसला, "तू कोण रे हिचा?"

लोक हसायला तयारच होते. फीफी भोंग्याकडे बघत उभा राहिला. त्याच्याच आवाजातलं कडवं संपलं, तेव्हा म्हणाला, "कोणी नाही."

थिएटर खदखदून हसलं.