काळ्या काचांचा हिवाळा

ओतिलियाची कीर्ती सांगणे सोपे आहे. आमच्या खोऱ्यातले कोणतेही मूल ती सांगेल. पॅरालिम्पिकमधील तिच्या सुवर्णपदकांची छायाचित्रे पावाच्या दुकानातही टांगलेली आहेत. मला सांगायचे आहे ते त्या हिवाळ्याविषयी, ज्यात तिला आपला उरलासुरला उजेड आपल्याच हातांनी झाकावा लागला.

बालपणापासून तिची दृष्टी क्षीण होत गेली होती. धाकटी बहीण झेल्मीरा बर्फावरून स्कीवर पुढे घसरत जाई आणि पाठीवरच्या कर्ण्यातून वळणे पुकारी. त्या स्वराला धरून ओतिलिया तीव्र उतार उतरे. पदक दोघींनाही मिळे, नियमच तसा आहे. याहून निकटचे साहचर्य मी पाहिलेले नाही. याहून घट्ट बंधनही नाही.

त्या शरदात तपासणी झाली. डाव्या डोळ्याच्या कडेला छाया-प्रकाश ओळखणारी एक चीर तेवढी उरली होती; वर्षभरात तीही मिटेल, असे डॉक्टरांनी सांगितले. साहजिकच तिची गणना पूर्ण अंधांच्या गटात झाली. तेथे सर्वांचा अंधार समान असावा, म्हणून शर्यतीत काळ्या काचांचा चष्मा अनिवार्य असतो, आणि सरावही त्याच अंधारात करावा लागतो.

त्या संध्याकाळी दोघींचे वडील त्सिप्रियान चुलीपाशी मेंढीच्या दुधाचे चीज कापत होते.

"यंदा मी उतरणार नाही," ओतिलिया म्हणाली. "आहे तोवर नुसतं बघत बसणार."

"काय बघणार? बाबांचं टक्कल?" झेल्मीरा म्हणाली.

"तेही. छान चकाकतं."

"माझ्या टकलाला मध्ये ओढू नका गं," त्सिप्रियान पुटपुटले.

झेल्मीरा हसली नाही. "ओत्का, तू थांबलीस की मीही संपले. मला एकटीला कोण विचारतंय? तुला हाका मारण्यापलीकडे मला येतं काय?"

एकाला मोकळे करण्यासाठी दुसऱ्याने किती बांधून घ्यावे, याचे उत्तर कोणत्याही धर्मग्रंथात मला आढळलेले नाही.

"हा एकच हिवाळा," ओतिलिया अखेर म्हणाली. "पण तारेवरच्या पाळण्यातून डोंगरावर जाताना मी चष्मा काढणार. तेव्हा तू तोंड उघडायचं नाहीस. मला बघू द्यायचं."

"एक शब्द नाही बोलणार."

वचन पाळले गेले. तारेवरचा पाळणा वर चढत असता ओतिलिया चष्मा कपाळावर सारी, वृक्षांच्या काळ्या रांगांकडे आणि हिमाच्या धवल आभेकडे मुख करून निश्चल बसून राही. माथा आला की काचा पुन्हा खाली येत, आणि मग दिवसभर तोच अंधार.

मार्चमध्ये विश्वविजेतेपदाची शर्यत आमच्याच डोंगरावर झाली. "डावी! धर, धर! सोड!" झेल्मीराचे पुकारे खालपर्यंत ऐकू येत होते. अंतिम रेषेपलीकडे दोघी एकमेकींवर कोसळल्या. त्या पहिल्या आल्या होत्या. लोक जल्लोषात गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजवीत होते.

"ओत्का, जिंकलो! अगं, चष्मा काढ ना आता! सगळं गाव आलंय, बघ!"

"काढलाय."

चष्मा खरोखरच तिच्या हातात होता. झेल्मीराचा स्वर खाली आला. "कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"पण पाळण्यात तर तू रोज..."

"तू गप्प बसायचीस. मग मीही बसले. तुला सांगितलं असतं, तर पुकारताना तुझा आवाज हलला असता."

ध्वनिक्षेपकावरून दोघींची नावे उच्चारली गेली. झेल्मीराने बहिणीचा दंड धरून तिला विजयमंचाकडे वळवले.

"डावी. पुढे पायरी."

"मोठ्यानं बोल गं," ओतिलिया म्हणाली. "घंटांत काही ऐकू येत नाही."