उंचवटे साहेबांची बुटकी गाडी

शहरात जेवढे गतिरोधक आहेत, त्यांतल्या बहुतेकांना आमच्या साहेबांनी मंजुरी दिलेली आहे. म्हणून लोक त्यांना उंचवटे साहेब म्हणायचे. एकदोन पत्रं तर याच नावानं आली होती आणि साहेबांनी ती आपलीच समजून फोडलीही होती. रस्ते विभागात ते अभियंता आणि मी त्यांच्या हाताखाली नकाशे काढणारा.

साहेबांना नाही म्हणता यायचं नाही. कोणी अर्ज घेऊन आलं, की चहाचा कप बाजूला सारून ते म्हणायचे, "देऊन टाका." दुकानासमोर, दवाखान्यासमोर, आणि एकदा तर ज्या गल्लीचा शेवट भिंतीत होत होता, तिच्या तोंडाशीसुद्धा. ठेकेदाराची माणसं येत, डांबराचा ढीग ओतत, वरून फावड्यानं थोपटत आणि निघून जात. उंची किती ठेवायची ते गाडीत किती डांबर उरलंय त्यावर ठरायचं. मी नकाशात दहा सेंटिमीटर लिहायचो, कारण नियमात दहा होतं.

चोपन्नावं लागलं त्या वर्षी साहेबांनी स्पोर्ट्स कार घेतली. लाल, दोन दारांची आणि इतकी बुटकी, की तिच्या टपावर कोपर टेकवायचं तर वाकावं लागे. गाडी जुनी होती. आधीच्या मालकानं, एका दातांच्या डॉक्टरांनी, ती कंबरेच्या दुखण्यापायी विकायला काढली होती. हे कारण साहेबांनीच आम्हाला हसत हसत सांगितलं.

वहिनींनी गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "बाकीची कुठंय?"

"अहो, असतेच ती अशी. जमिनीला धरून पळते."

"पळेल हो. पण आपण बसायचं कुठं?"

बसायचं म्हणजे आधी बूड टेकवायचं, मग एकेक पाय आत ओढून घ्यायचा आणि मान शेवटी. उतरताना याच्या उलट, फक्त एक हात रस्त्यावर टेकवावा लागे. साहेबांच्या आईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, तेव्हा त्या बसल्या ऐटीत. पण दवाखान्यासमोर त्यांना बाहेर काढायला दोन नर्स आणि एक औषधविक्रेता लागला. उभ्या राहिल्यावर म्हातारी म्हणाली, "अरे, पुढच्या वेळी मला चटईवर बसव आणि ओढत ने. याच्याहून वरच राहीन."

ऑफिसच्या फाटकावरचा दांडा पहारेकऱ्यानं उचलणंच सोडून दिलं. गाडी खालून जाते की नाही, यावर त्याची आणि शिपायाची पैज लागली होती.

पण खरं दुखणं रस्त्यावर होतं. साहेबांच्या घरापासून ऑफिसपर्यंत अकरा गतिरोधक. जीपमधून जाताना ते त्यांना कधी जाणवलेच नव्हते. आता प्रत्येकावर गाडीचं पोट खर्रकन घासायचं आणि साहेबांचा चेहरा असा व्हायचा, जणू त्यांचीच पाठ खरवडतंय कोणी. मग ते गाडी तिरपी घालायला शिकले. आधी एक चाक चढवायचं, मग दुसरं, तोवर गाडी आडवी होऊन सगळा रस्ता अडवायची आणि मागच्यांचे भोंगे सुरू. काही दिवसांनी त्यांनी लांबचे रस्ते शोधले. चार किलोमीटरच्या ऑफिसला ते चौदा किलोमीटरवरून येऊ लागले. तरी विचारलं, की म्हणत, "मक्खन चालते हो!"

एका दुपारी पाहणीला जायचं होतं आणि जीप बंद पडली होती. साहेब म्हणाले, "चला, माझ्या गाडीतून." मी गुडघे हनुवटीला लावून शेजारी बसलो. बाळंतपणाच्या दवाखान्यासमोरच्या गतिरोधकावर साहेबांनी गाडी तिरपी घातली, पण समोरून बस आली आणि त्यांना ती सरळ करावी लागली. खालून असा आवाज आला, की मी पाय वर घेतले. गाडी पोटावर बसली. पुढं जाईना, मागं जाईना.

माणसं जमली. रिक्षावाले, फळवाला, बसचा कंडक्टर. सगळ्यांनी मिळून गाडी उचलायला घेतली.

"कुठल्या गाढवानं बांधलाय हा?" कंडक्टर ओरडला.

"खरंच हो," साहेब गाडीच्या एका कोपऱ्याला हात लावत म्हणाले, "काही अक्कल नको का?"

मी खाली बघून उचलू लागलो.

दवाखान्याच्या पायरीवर एक बाई डबा घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमची गाडीच अडकली. माझ्या सुनेला कळा सुरू असताना रिक्षा यावरून उडाली, तेव्हा ती जी किंचाळली ना! हा कमी करा म्हणून मी तीन अर्ज दिले. उत्तर काय, तर गतिरोधक नियमानुसार आहे."

ते उत्तर मी लिहिलं होतं आणि सही साहेबांची होती. गाडी सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला साहेब माझ्या दारात. "मोजपट्टी आहे का घरात?"

वीस वर्षांत आम्ही पहिल्यांदा गतिरोधक मोजायला गेलो. साहेब रस्त्यावर गुडघे टेकून बसायचे, मी लांब फळी आडवी धरायचो. एक एकोणीस सेंटिमीटर, एक तेवीस. दवाखान्यासमोरचा सव्वीस भरला. उकरून पाहिलं, तर त्याच्या पोटात जुना गतिरोधक जसाच्या तसा, पांढऱ्या पट्ट्यांसकट.

"नकाशात किती आहे?" साहेबांनी विचारलं.

"दहा."

"सगळे?"

"सगळे, साहेब."

महिनाभरात सगळे गतिरोधक दहावर आणायचं काम निघालं. आता इथं मी खरं सांगतो. दवाखान्यासमोरचा पहिला झाला, हे त्यांच्या पदरात टाकायलाच हवं. पण पुढचा क्रम कागदावर "वाहतुकीच्या निकडीनुसार" असला, तरी साहेबांच्या घरापासून ऑफिसपर्यंत होता. मग वहिनींच्या बँकेचा रस्ता, मग आईंच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा. पण लोकांना त्याचं काय! अंडी नेणारे टेम्पोवाले खूश, रुग्णवाहिकेवाले खूश. लोक ऑफिसात येऊन साहेबांचा हात हातात घेऊ लागले. अर्जाशिवाय आलेली माणसं पाहून साहेब गांगरायचे.

मग शाळेच्या मोठ्या बाई आल्या. त्यांनी खुर्चीवर बसायलाही नकार दिला.

"आमच्या फाटकासमोरचा तुम्ही साफ केलात?"

"साफ नाही बाई, नियमात आणला."

"मग शाळा सुटताना येऊन बघा तुमचा नियम."

साहेब गेले. आठवडाभर रोज जात राहिले. पहिल्याच दिवशी दप्तर पाठीवर घेतलेली एक मुलगी रस्त्यात उतरली आणि मोटरसायकल तिच्या पुढून वाऱ्यासारखी गेली. ठेकेदाराच्या माणसांनी नियमात आणला म्हणजे काय केलं होतं, तर खरवडून पार सपाट केला होता. आणि हेही साहेबांनी मोजलं नव्हतं. त्यांची गाडी आरामात जात होती, तेवढं त्यांना पुरलं होतं. तिथं त्यांनी स्वतः उभं राहून नवा बांधून घेतला. उंची दहाच, पण रुंद आणि गोलसर, पट्टे आखलेले, अलीकडे फलक. डांबर गार झाल्यावर मोठ्या बाईंना शेजारी बसवून त्यांनी लाल गाडी हळू वरून नेली. कुठंच घासली नाही. उतरताना बाईंनी हात पुढं केला आणि साहेबांनी तो ओढला, तेव्हा शाळेतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

वर्षअखेरीस साहेबांचा सत्कार झाला. ही प्रेरणा कुठून मिळाली, असं आयुक्तांनी विचारलं. साहेब म्हणाले, "जनतेच्या हालअपेष्टा पाहून." पहिल्या रांगेत वहिनींना इतका ठसका लागला, की पाणी आणावं लागलं.

ठेकेदाराला मात्र हे प्रकरण मानवलं नाही. फळी आणि मोजपट्टी घेऊन फिरणारा अभियंता त्याला परवडणारा नव्हता. दोन महिन्यांत साहेबांची पाणीपुरवठ्यात बदली झाली, आणि माझीही. साहेब अजून त्याच गाडीतून येतात, कंबरेला पट्टा बांधून.

तिथं पहिल्या सोमवारी ते म्हणाले, "टाकी बघून येऊ." कोणी सांगितलं नव्हतं, कोणाचा अर्ज नव्हता, आणि टाकीवर काही गाडी न्यायची नव्हती. ते शिडी चढले, मी खात्याची वही घेऊन खाली उभा.

"काय दिसतंय, साहेब?"

"कबुतरं," वरून उत्तर आलं. "वहीत झाकण कधी बसवल्याचं लिहिलंय?"

"सहा वर्षांपूर्वी."

"खोडा," साहेब म्हणाले.

तेव्हापासून मी घरून उकळलेलं पाणी नेतो.