कानसेनांना न टोचलेल्या झांजा

मित्र त्यांना कानसेन म्हणत. जुन्या व्हिडिओ गेम्सच्या संगीताचे अल्बम आवाज घासूनपुसून नव्याने निघाले, की ते कसे वाजतात हे कानसेन मासिकात लिहीत. वर्षानुवर्षं तेच ऐकून त्यांचे कान किटले होते. परवा एका अल्बमबद्दल त्यांनी लिहिलं, "झांजा अगदी मऊ." वाचकांनी त्यांना झोडपून काढलं.

"अहो, त्या झांजा मला स्वयंपाकघरातही टोचत होत्या," बायको म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुम्हाला आवडतंय."

त्यांनी तोच अल्बम पुन्हा लावला. बायकोने कान झाकले, त्यांना मात्र काहीच टोचलं नाही. त्यांनी संपादकांना फोन केला. "माझे कान गेले. दुसरं कुणीतरी बघा." मग जेवून ते दुपारभर गाढ झोपले.